पांबनचं पाणी फिरलं तो आठवडा

सत्तावीस वर्षं मी चकलांब्याच्या शाळेत फळ्यावर सामुद्रधुनी काढली. दोन बाजूंना दोन फुगीर समुद्र, मधे खडूचा चिंचोळा पट्टा आणि खाली व्याख्या. मुलांनी ती पाठ केली, पेपरात लिहिली, गुण मिळवले. मी स्वतः समुद्र पाहिला होता तो एकदाच, लग्नानंतर चौपाटीवर, तोही गर्दीत चपला सांभाळत. सामुद्रधुनी ही जाऊन बघायची गोष्ट आहे हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले आणि पावसाळा सरता सरता मंगलचा फोन आला. मंगल माझी विद्यार्थिनी. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात, तेव्हा ती गावातल्या वसतिगृहात राहायची. पुढे अंबाजोगाईला शिकली, तिथून समुद्राचा अभ्यास करायला दक्षिणेत गेली आणि आता रामेश्वरमच्या अलीकडे, पांबनला, पाणी तपासायचं काम करते. म्हणाली, "बाई, दसऱ्यानंतर या. तुम्ही फळ्यावर काढायचात ते इथं हलताना दिसतं. पाणी फिरायचे दिवस आहेत."

ही बातमी तिची आई कोंडाबाई हिला कशी कळली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यावर हजर.

"बाई, तुमी चाललाच हायेत तर मला बी न्या. पोरगी तिकडं काय करती ते बगून येते. गावात इचारत्यात, पाणी भराया एवढ्या लांब कावून गेली म्हणून."

"तुमची टोळी निघायची ना?"

"दिवाळी झाल्यावर. तवर येऊ की माघारी."

तिच्या आवाजात विनंती नव्हतीच, ठरवून आली होती. मी दोन तिकिटं काढली.

पांबन, पहिला दिवस

रेल्वेचे दोन दिवस सोडून देते. त्यात सांगण्यासारखं इतकंच, की कोंडाबाईनं बाजरीच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा आणला होता आणि तमिळनाडू लागेपर्यंत डब्यातल्या अर्ध्या प्रवाशांशी तिची ओळख झाली होती.

गाडी पुलावर चढली तशी ती हळू झाली. खाली पाणीच पाणी. मी डाव्या खिडकीतून पाहिलं, मग उठून उजव्या खिडकीशी गेले, मग परत डावीकडे आले. शेजारचा म्हातारा माझ्याकडे बघून हसायला लागला, पण मला बसवेना. डावीकडचं, उत्तरेचं पाणी संथ, मातकट हिरवं, कोवळ्या ज्वारीसारखं. उजवीकडचं, दक्षिणेचं, गर्द निळं आणि उसळणारं. एकाच पुलाच्या दोन बाजूंना दोन समुद्र. आणि बरोबर पुलाखाली, खडकांच्या मधून, पाणी नदीसारखं पळत होतं.

"ह्यो काय दोघांचा बांध हाय का?" कोंडाबाईनं विचारलं.

"बांध नाही, फट आहे. हीच सामुद्रधुनी."

"एवढीशी?"

मीही तेच म्हणत होते. नकाशावर जी जागा मी खडूच्या एका ठिपक्यात संपवायचे, ती ओलांडून आमची गाडी पलीकडे गेली तरी मी मागे वळून बघत होते. फलाटावर मंगल उभी होती. उन्हानं काळवंडलेली, केस आखूड कापलेले. कोंडाबाईनं तिचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून पाहिला. मिठाच्या पाण्यानं बोटं चिरलेली होती.

"कामाचा हात हाय," ती म्हणाली आणि मग तिनं लेकीला जवळ घेतलं.

मंगल ज्या घरी भाड्यानं राहते तिथली घरमालकीण पाक्कियम. चाळिशीची, धिप्पाड, कोळ्याच्या घरातली. तिनं जेवायला वाढलं. मी लिंगायताच्या घरची, मासे खात नाही, हे मंगलनं आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मी चिंचेच्या लालभडक आमटीचे चार घास मोठ्या चवीनं खाल्ले आणि पाचव्या घासाला काटा लागला. पाक्कियमच्या मते वरचा रस म्हणजे मासा नव्हे. ती इतकी ओशाळली, की मलाच तिची समजूत घालावी लागली. मग मी ताक-भात खाल्ला, कोंडाबाईनं माझी आमटी संपवली आणि पाक्कियमनं आमचा ठेचा चाखून डोळ्यांत पाणी आणत दुसऱ्यांदा मागितला. तिला मराठी येत नाही, कोंडाबाईला तमिळ येत नाही, पण त्या दोघी तासभर बोलत होत्या.

दुसरा दिवस: रिकामी शहाळी

सकाळी पाक्कियमच्या भावाच्या, सेसूच्या, होडीतून आम्ही पुलाखाली गेलो. मंगलनं बरोबर रिकामी शहाळी घेतली होती. ती एकेक करून पाण्यात सोडायची आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जायला किती वेळ लागतो ते मी घड्याळात बघून सांगायचं. तिच्याकडे यंत्र आहे, पण यंत्राची रोज अशी फेरतपासणी करते म्हणाली. शहाळी सगळी उत्तरेला धावत होती, दक्षिणेच्या निळ्या पाण्यातून उत्तरेच्या हिरव्या पाण्याकडे.

पहिली चार मी नीट मोजली. पाचव्याला होडी लागली आणि सकाळची इडली समुद्राला मिळाली. सेसूनं मला लिंबू दिलं. कोंडाबाईला काही झालं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाच्या मोळ्यांवर बसून रात्ररात्र प्रवास केलेल्या बाईला होडी काय करणार?

"उन्हाळ्यापासून आतापर्यंत वारा दक्षिणेचा असतो," मंगल समजावत होती. "तो मन्नारच्या आखाताचं पाणी ह्या फटीतून पाल्कच्या उपसागरात ढकलतो. ते पाणी खोल, खारट, स्वच्छ. आता काही दिवसांत वारा फिरेल, ईशान्येचा होईल. मग बंगालच्या उपसागराचं पाणी किनाऱ्यानं खाली येतं आणि इथून उलटं, दक्षिणेला जातं. ते कमी खारट आणि गढूळ असतं. त्यात नद्यांनी आणलेलं सगळं असतं."

"सगळं म्हणजे?"

"खत, बाई. नत्र, स्फुरद, वाळूतली सिलिका. आपण शेताला टाकतो तेच. त्यावर डोळ्याला न दिसणारी हिरवळ उगवते. ती बारीक किडे खातात, किड्यांना तारल्या, म्हणजे छोटे मासे, खातात, तारल्यांना मोठे मासे खातात. ही फट बुजली तर दोन्हीकडची ताटं निम्मी रिकामी."

कोंडाबाई पाण्यात बोटं बुडवून ऐकत होती. "नद्यांचं म्हंजी कोणत्या?"

"सगळ्या. कृष्णा, गोदावरी."

"आपली गोदावरी? गेवराईची?"

"तीच. ती उपसागरातच जाते ना. आता त्यातलं किती इथवर येतं ते नेमकं सांगता येत नाही, माय. पण येतं."

कोंडाबाईनं बोट तोंडात घालून चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. मी तर होडीत उभीच राहणार होते, सेसूनं पदर धरून बसवलं. माझ्या शिवाराच्या कडेची नदी तेलंगणातून आंध्रात जाऊन समुद्राला मिळते, एवढंच मी शिकवलं होतं. मिळते, आणि धडा संपला. ती पुढे चालते, वळते आणि ह्या दाराशी येते, हे पुस्तकात नव्हतं.

परतताना पाक्कियमचा पिंजरा पाहिला. गावातल्या सहा बायकांनी मिळून उत्तरेच्या बाजूला, फटीपासून जवळच, प्लॅस्टिकच्या नळ्यांचं एक मोठं कडं तरंगत ठेवलं आहे. त्याला खाली जाळी, आणि जाळीत हातभर लांबीचे काळे मासे. सात महिने त्या रोज होडीनं जाऊन त्यांना खायला घालतात. विकायला अजून दोन-तीन महिने होते. पाक्कियमनं मूठभर खाद्य टाकलं आणि पाणी उकळल्यासारखं झालं. ती माशांशी बोलत होती, आपण गोठ्यात बोलतो तशी.

तिसरा दिवस: बाटली

तिसऱ्या दिवशी सकाळी सेसू दारात आला आणि मंगलला काहीतरी भराभर सांगू लागला. दक्षिणेला, आखाताच्या बाजूला, पाणी हिरवं झालं होतं.

आम्ही लगेच निघालो. फटीच्या दक्षिणेला गेलो तर समुद्रावर पोपटी साय आली होती, शेवाळलेल्या हौदासारखी. वासही तसाच, कुजका. दोन-चार छोटे मासे पोट वर करून तरंगत होते.

"हे लहान जीव असतात," मंगल म्हणाली. "एरवी थोडेच असतात. खायला जास्त मिळालं की एकदम माजतात. मरून सडायला लागले की पाण्यातली हवा संपते. मोकळा मासा पळून जातो."

पिंजऱ्यातला कुठे पळणार? प्रवाह अजून उत्तरेलाच होता. ही साय फटीतून पलीकडे गेली, तर पहिल्यांदा पाक्कियमचा पिंजरा गाठणार. आणि वारा आज-उद्या फिरला, तर काहीच होणार नाही.

पाण्यात हवा किती आहे ते बघायची तिची रीत मला फार आवडली. छोट्या बाटलीत पाणी भरायचं आणि त्यात दोन औषधांचे थेंब टाकायचे. हवा असेल तर बाटलीत गुळासारखा तपकिरी गाळ बसतो. हवा नसेल तर गाळ पांढरा. मंगल साईच्या कडेचं पाणी घेत होती आणि तिनं मला फटीच्या तोंडाशी, थोडं खोलातलं एक पाणी घ्यायला सांगितलं. मी दोरानं खोल सोडायच्या डब्यातलं पाणी बाटलीत भरलं, बूच लावलं, तिच्या हाती दिलं. किनाऱ्यावर आल्यावर तिनं थेंब टाकले. तिच्या बाटल्या फिक्या झाल्या. माझी छान तपकिरी झाली.

पाक्कियम आणि तिच्या पाच जणी किनाऱ्यावर थांबल्या होत्या. मंगलनं माझी बाटली दाखवून तमिळमध्ये सांगितलं, की फटीशी हवा आहे. पाक्कियमनं सुटकेचा निःश्वास टाकला. पिंजरा ओढून दुसरीकडे न्यायचा म्हणजे खेळ नव्हता. जाळी फाटते, मासे एकमेकांवर आदळून मरतात. तो जागीच ठेवायचं ठरलं. बायका घरी निघाल्या.

मंगल मात्र बाटली उन्हात धरून बघत राहिली.

"बाई, हिच्यात बुडबुडा होता का?"

मला आठवलं. होता. बूच लावताना चिंचोक्याएवढा बुडबुडा वर राहिला होता. मी पाहिला होता आणि एवढ्यानं काय होतंय म्हणून सोडून दिला होता. शिवाय पाणी मी वरून धार धरून भरलं होतं, घरी माठ भरते तसं. म्हणजे मीच त्या पाण्यात हवा घातली होती.

सत्तावीस वर्षं मी मुलांना म्हटलं, चूक झाली तर लगेच सांगा, मी रागावणार नाही. सांगायला किती जड जातं ते त्या दिवशी कळलं.

"होता," मी म्हटलं. "आणि धारही वरून धरली होती. माझंच चुकलं."

ती रागावली नाही. "चला, पुन्हा घेऊ," एवढंच म्हणाली, आणि आम्ही पळत होडी गाठली. ह्या वेळी तिनं नळी बाटलीच्या तळाला टेकवून, पाणी वरून ओसंडू देत, बाटली काठोकाठ भरली. होडीतच थेंब टाकले. गाळ बसला तो जवळजवळ पांढरा. आणि आम्ही शहाळं सोडलं तर ते उत्तरेलाच निघालं, पिंजऱ्याच्या दिशेनं.

मंगल बाटली मांडीवर धरून बसली. तिचा चेहरा मी दहावीच्या परीक्षेच्या सकाळी पाहिला होता तसा झाला होता.

"वारा संध्याकाळी पडला तर प्रवाह थांबेल," ती म्हणाली. "मी ओढा म्हटलं आणि ओढताना मासे मेले, आणि साय आलीच नाही, तर? आधी नको म्हटलं, आता हो म्हणू? त्या परत माझं ऐकणार नाहीत."

कोंडाबाई पुढे सरकून लेकीसमोर बसली.

"तुला दिसतंय ते काय हाय?"

"पाणी येतंय. हवा नाही त्याच्यात."

"मंग तेवढं सांग की. तोंडात काय मिठाचा खडा धरलाय व्हय? वावराच्या वर इस्तू लागला तर वारा फिरंल म्हणून कुणी बसून ऱ्हातंय का?"

मंगलनं आईकडे पाहिलं. मग सेसूला होडी वळवायला सांगितली.

किनाऱ्यावर तिनं बायकांना परत बोलावलं, पाक्कियमला दोन्ही बाटल्या दाखवल्या आणि पहिली का चुकली तेही सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मी पुढे होऊन स्वतःच्या छातीवर हात ठेवला, म्हणजे त्यांना कळावं. त्यांच्यातली एक म्हातारी काहीतरी तिखट बोलली. तिचं बरोबरच होतं. पाक्कियमनं पांढरी बाटली हातात घेतली, हलवली, पुन्हा पाहिली. मग पदर खोचला.

दोन होड्या, आम्ही नऊ बायका आणि सेसू. नांगराचे दोर सोडवले, कड्याला दोन बाजूंनी दोर बांधले आणि पूर्वेकडे, किनाऱ्याच्या आडोशाला, माणूस रमतगमत चालतो त्याहूनही हळू ओढत निघालो. जोरात ओढलं की जाळी मागे फुगून माशांची जागा कमी होते. म्हणून तिघी-तिघी दोन्हीकडून जाळीचे दोर ताणून धरत होत्या. कोंडाबाई त्यांच्यात कधी जाऊन बसली मला कळलं नाही. एक जण दमली की दोर दुसरीच्या हाती द्यायची. हिनं चार तास सोडला नाही. शेवटी पाक्कियमनं तिचे तळवे पाहिले, बोट लावून पाहिलं, आणि बाकीच्यांना बोलावून दाखवले. कोंडाबाई लाजली.

"कोयत्याचे घट्टे हायेत. त्यात काय बगायचं?"

मला मंगलनं एकच काम दिलं: दर थोड्या वेळानं पिंजऱ्यालगतचं पाणी बाटलीत घ्यायचं. नळी तळाला, ओसंडू द्यायचं, बुडबुडा नाही. मी प्रत्येक बाटली उलटी करून बघत होते. सगळ्या तपकिरी आल्या. ऊन कलताना आम्ही नवीन जागी नांगर टाकला. वाटेत आठ-दहा मासे मेले होते. पाक्कियमनं ते मोजत मोजत होडीत टाकले आणि ती दोर गुंडाळायला लागली.

चौथा दिवस

सकाळी चहासुद्धा न घेता आम्ही गेलो. पिंजऱ्याच्या जुन्या जागेवर, जिथे नुसत्या खुणेच्या बाटल्या तरंगत होत्या, तिथे पोपटी साय पसरली होती. तिच्यात बोटभर मासे, खेकड्याची पिल्लं, सापासारखा एक लांबलचक ईल मासा, सगळं मरून पडलेलं. फटीतून ती साय अजून येतच होती.

नवीन जागी पाणी स्वच्छ. पाक्कियमनं मूठ भरून खाद्य टाकलं. क्षणभर काही हललं नाही. मग खालून काळी पाठ आली, मग दुसरी, आणि सगळं पाणी उसळलं. पाक्कियमनं दोन्ही हात तोंडावर धरले. मग तिनं मंगलचे गाल धरले, मग कोंडाबाईचे, आणि शेवटी माझेही. कालची म्हातारी मला काहीतरी म्हणाली. मंगलनं भाषांतर केलं: "बुडबुडेवाली बाई आज जेवायला माझ्याकडे येणार आहे, मासा नाही घालणार म्हणते."

मी गेले. नारळ घातलेल्या शेंगांची भाजी होती. काटा नव्हता.

सहावा दिवस

पाचव्या दिवशी दुपारी वारा पडला. किनाऱ्यावर उभ्या उभ्या घामानं चिंब झालो. सहाव्या दिवशी पहाटेपासून तो उलट्या बाजूनं वाहायला लागला आणि मंगलनं आम्हाला हाका मारून उठवलं.

पुलाखाली तिनं शहाळं माझ्या हातात दिलं. "तुम्ही सोडा, बाई."

मी सोडलं. ते आधी जागच्या जागी फिरलं, उत्तरेला दोन हात सरकलं, थांबलं. मग हळूहळू दक्षिणेला निघालं. पुढे गेलं तसं पळायला लागलं. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत होतो. उत्तरेचं गढूळ पाणी फटीतून दक्षिणेच्या निळ्यात घुसत होतं आणि दोघांच्या मधे एक रेघ स्पष्ट दिसत होती, फेसाची, वाकडीतिकडी. त्या रेघेवर बगळे, कुररी, सगळे पक्षी तुटून पडले होते. सेसूनं जाळं फेकलं आणि ओढलं तेव्हा त्यात तारल्या अशा उसळत होत्या, की होडीच्या तळाशी पावसाचा आवाज झाला.

पोपटी साय दोन दिवसांत विरून गेली. मंगल म्हणाली, सडून जे खाली बसलंय तेही वाया जाणार नाही, कुणीतरी ते खाईल.

निघताना

आमची गाडी सकाळची होती. मंगलला त्याच वेळी नमुने घ्यायचे होते, पाणी फिरल्यानंतरचे पहिले, ते चुकवून चालणार नव्हते. तिनं आम्हाला स्टेशनवर सोडलं, आईच्या पाया पडली, माझ्याही पडली आणि घाईनं निघून गेली. पाक्कियम गाडी सुटेपर्यंत थांबली. तिनं कोंडाबाईला सुकवलेले मासे दिले आणि मला मिठाची एक पुडी. माझ्यासाठी चालेल असं तिच्या घरात बहुतेक तेवढंच होतं.

गाडी पुलावर आली. मी खिडकीला नाक लावून खाली बघत होते. फटीच्या बरोबर तोंडाशी सेसूची होडी उभी होती. मंगल कडेला वाकून, नळी बाटलीत घालून, पाणी ओसंडू देत होती. आमचा डबा तिच्या अगदी डोक्यावरून चालला होता. मी खिडकीतून हात काढला आणि हाक मारायला तोंड उघडलं.

कोंडाबाईनं माझा हात धरून खाली घेतला.

"ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली. "बाटली भरतीया ती."